लेकीच्या वतीने दिलेला शब्द

मुक्काम बेलफोर्ट काउंटी, मिसिसिपी
रविवार

प्रिय ओडेसा हिस,

प्रभूच्या कृपेने प्रचारासाठी येथे आलेला मी व आपली व्हर्निस सुखरूप आहोत. गोळ्या वेळेवर घेतो. तुझा गुडघा कसा आहे?

आपली ही वकील लेक न्यायाधीशपदाची निवडणूक धीराने लढत आहे. तथापि एक गोष्ट परस्पर तुझ्या कानी येण्यापेक्षा मीच कळवितो. गुरुवारी चर्चच्या जेवणावळीत तळलेली मासळी खाताना दुकानदार क्लोव्हिसने मला विचारले, "काका, पोरगी निवडून आली तर माझं दुकान फोडणाऱ्याला आत टाकेल ना?"

मी म्हणालो, "टाकेल. माझा शब्द."

शनिवारी ते वाक्य विरोधी उमेदवाराच्या पत्रकावर छापून आले. व्हर्निस एवढेच म्हणाली, "बाबा, खटला ऐकायच्या आधीच निकाल सांगणाऱ्याला कोण न्यायाधीश करेल?"

आज प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात ती सर्वांसमोर उभी राहिली. "माझे वडील चुकले. त्यांचा शब्द माझा नाही. क्लोव्हिसभाऊ, तुमच्या खटल्यात काय होईल, हे मी आज सांगणार नाही."

क्लोव्हिस घरची सात माणसे घेऊन निघून गेला. मागून पर्लीबाई म्हणाली, "हायरम, चौथी शिकलास आणि थेट निकालच लावलास की रे!"

मी उठलो, हॅट काढली व म्हणालो, "मी चुकलो." पन्नास वर्षांच्या संसारात हे वाक्य तू माझ्या तोंडून ऐकलेले नाहीस, याची मला जाणीव आहे.

मतदानास नऊ दिवस उरले आहेत. ती हरल्यास मी घरी कोणत्या तोंडाने यावे, ते कृपया लिहून कळव.

तुझा पती,
हायरम टॉलिव्हर