वाक्याआधीची शांतता

लंडन, ४ मार्च १९५७

प्रिय एनिडताईस,
सा. न. वि. वि.

शब्दकोश उशाशी घेऊन लिहितो आहे. चूक सापडली तर कळव, पण शेजारी वाचून दाखवू नकोस.

टेलिव्हिजनच्या स्टुडिओत मला प्रॉम्प्टरचं काम मिळालं. नाटक थेट घराघरांत दिसतं, त्यामुळे नट अडला की मी एक बटण दाबायचं. बटण दाबलं की आवाज तेवढ्यापुरता बंद होतो, मी वाक्य सांगतो आणि बघणाऱ्यांना काही कळत नाही.

आता बसून वाच. येत्या रविवारी तो सिनेमातला लायनेल थ्रेल येतो आहे. नाटक तेच, म्हातारा दीपस्तंभवाला. भूमिका एकेकाळी बाबांनी केलेली आणि ‘दिवा राहू दे’ या वाक्याआधीची ती लांब शांतताही बाबांचीच. सिनेमावाले तिला ‘थ्रेलची शांतता’ म्हणतात.

तालमीत मला तो ‘ए विल्फ’ म्हणतो. आडनाव विचारायची त्याला गरज वाटत नाही. मी ठरवलं आहे, तो शांत उभा राहिला की बटण न दाबता वाक्य मोठ्याने सांगायचं. सगळ्या देशाला ऐकू जाईल. नोकरी जाईल. करू ना?

तुझा लोभ आहे तेवढा पुरे, फक्त कमी करू नकोस.
तुझा विल्फ

मोरकम, ७ मार्च

चि. विल्फ यास,
अ. आ.

विचारतोस काय? कर!

तू तेव्हा पाळण्यात होतास, मी मात्र बाल्कनीत बसले होते. लंडनचा मॅनेजर बाबांना बघायला आला होता. बाबा शांत उभे राहिले, अख्खं थिएटर श्वास रोखून होतं, आणि विंगेत प्रॉम्प्टरच्या स्टुलावर बसलेला हा थ्रेल ओरडला, दिवा राहू दे! लोक हसले. पुढच्या आठवड्यात मॅनेजर त्या भूमिकेसाठी थ्रेललाच घेऊन गेला. नंतर जो तो बाबांबद्दल म्हणायचा, ॲम्ब्रोज टिलट्सन ना, तो विसरतो हो. आज बाबा किनाऱ्यावर कापडी खुर्च्या भाड्याने देतात आणि थ्रेलचा सिनेमा लागला की रस्ता बदलतात.

शेजारच्या ब्रेसवेलबाईंकडे टेलिव्हिजन आहे. बाबांना मी ओढून नेईन. आणि हो, ते तीन शब्द पाठ करून बस, नाहीतर तेवढ्यासाठीही शब्दकोश उघडशील.

नीट जेव. बाईंनी तुला केक पाठवला होता, तो मी खाल्ला.
तुझी ताई

लंडन, ११ मार्च

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

तू शिव्या देशील, म्हणून आधीच सांगतो, मी ओरडलो नाही.

तो थांबला. मी तोंड उघडलं आणि त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. ताई, तो खरोखर विसरला होता! बोटं टेबलाची कड चाचपत होती. त्या क्षणी वाक्य देणं म्हणजे त्याला वाचवणं होतं. मी ओठ मिटले. जळू दे म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मीही त्याच्याकडे बघत राहिलो. शेवटी मुलीचं काम करणारी बिचारी स्वतःच दिव्याचं बोलली आणि नाटक पुढे सरकलं.

आणि आज पेपरांत काय छापून आलं? इतकी जिवंत शांतता या नटानेच करावी! माझ्या सुडाचा त्यांनी त्याला हार घातला. वर थ्रेलने माझा खांदा दाबला. म्हणाला, दुसरा कोणी गडबडून वाक्य देऊन बसला असता, तुझी छाती मोठी आहे, पोरा. हे नाटक घेऊन तो दौऱ्यावर निघतो आहे, सुरुवात मँचेस्टरला, ईस्टरनंतरच्या सोमवारी. प्रॉम्प्टर म्हणून त्याला मीच हवा.

मी हो म्हटलं. पहिल्या प्रयोगाला तो अडला की वाक्य देणार नाही, बाबांचं नाव देईन. सगळ्यांना ऐकू जाईल असं. बाबांना यातलं सांगू नकोस. झोप मात्र लागत नाही.

रागावलीस तरी पत्र लिही.
तुझा विल्फ

मोरकम, १५ मार्च

चि. विल्फ यास,
अ. आ.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. आता माझ्यावर ओरडत बस.

रविवारचं तुला ठाऊक नाही. ती शांतता आली तेव्हा ब्रेसवेलबाई रुमालाने डोळे टिपत होत्या. बाबा मात्र खुर्चीत पुढे सरकले आणि हळूच म्हणाले, दिवा राहू दे. मग जरा मोठ्याने. मग त्या पेटीवर खेकसले, अरे, दिवा राहू दे म्हण की, गाढवा! बाईंच्या हातातून चहा सांडला. घरी येताना सबंध रस्ताभर बाबा हसत होते. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

नाव ओरडायचं त्यांना मुळीच पसंत नाही. म्हणाले, नाटकात बाहेरून ओरडायचं नाही, तसलं काम थ्रेलचं, आपलं नाही. मग ट्रंकेतून जुना काळा कोट काढला, ब्रशने झाडला आणि मला मँचेस्टरच्या प्रयोगाचं तिकीट काढायला पाठवलं. पहिल्या रांगेतलं, अगदी मधलं. दिव्याच्या टेबलापाशी उभ्या राहिलेल्या नटाला तिथला माणूस स्पष्ट दिसतो, म्हणाले.

तुझ्यासाठी निरोप त्यांच्याच शब्दांत देते. विल्फला सांग, वाक्य वेळेवर दे, स्वच्छ दे. बाकीचं मी बघतो.

कॉलर इस्त्री करून ये. लोभ आता माझा, बाबांचा आणि बाईंचा मिळून आहे.
तुझी ताई