गोट्या कुणी काढल्या

बाबू,

मी तुझ्या मावशीकडे जाते आहे. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

माशांच्या टाकीच्या तळाशी त्या गोट्या मी आणि तुझ्या चिमीने मुद्दाम अंथरल्या होत्या. बार्ब मासे अंडी कुठेही टाकतात आणि मागे वळून स्वतःच खातात. गोट्यांच्या फटींत पडतात तेवढीच वाचतात. काल सकाळी चिमीला भिंगातून अंडी दिसली, तेव्हा तिने घर डोक्यावर घेतलं. ती शाळेतून आली की मासे बादलीत हलवायचे, असं आमचं ठरलं होतं.

तुझे साहेब येणार म्हणून तू दुपारीच गोट्या काढून टाकल्यास. टाकी पोरकट दिसत होती म्हणे! मी शेजारच्याच खोलीत होते, विचारायचं तरी. साहेबांचा चहा होईपर्यंत माशांनी सगळी अंडी फस्त केली. तेही एक वेळ सोडून दिलं असतं. पण चिमी रडायला लागल्यावर तू साहेबांसमोर म्हणालास, "आजीनेच काढल्या गं. वय झालंय, तिच्या लक्षात राहत नाही." मी तुझी लाज राखली आणि गप्प बसले. पोरगी कालपासून माझ्याशी बोलत नाही.

आज ती घरी आली की खरं काय ते तूच सांग. माशांना आपली अंडी ओळखता येत नाहीत, म्हणून त्यांच्यावर रागवायचं नाही, एवढं मी तिला समजावलं आहे. तुझ्याबद्दल काय समजावायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

आई