शेडची लाईन ओढताना

वस्ताद, तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाईलवाला बसतो, इतकी वर्षं झाली तुम्हाला जाऊन. तरी आज तुम्हालाच लिहितोय, कारण दुपारी जे झालं ते घरात कुणाला सांगण्यासारखं नाही. माझं दुकान पोराच्या हवाली केलं आणि सावेडीतल्या घरामागे माझ्यापुरती पत्र्याची शेड घातली. छोटा लेथ, ड्रिल, वेल्डिंग मशीन. वायरिंग मीच करणार म्हणून हटून बसलो. बायको म्हणाली, "आता हात थरथरतो तुमचा, माणूस लावा की एखादा." मी म्हणालो, "अगं, अर्ध्या नगरची वायरिंग केली मी." ती म्हणाली, "अर्धं नगर गेलं उडत. मला तुम्ही आख्खे पाहिजेत."

भिंतीवर खडूनं सगळं आखलं. वेल्डिंगला जाड तारेची वेगळी लाईन, लेथला वेगळी, आणि दिवे या दोन्हींपासून अलग. कारण मशीननं ब्रेकर पाडला की अंधार होतो आणि लेथचा चक, तुकडा धरणारा जबडा, मात्र आधीच्या वेगानं फिरतच राहतो. हे तुमचंच. "आधी हात दिसला पायजे, मग मशीन," म्हणायचे तुम्ही.

शेडच्या तारेचं घरच्या बोर्डाकडचं टोक सकाळीच जोडून ठेवलं होतं. दुपारी बायको शेजारी गेलेली बघून ओसरीतल्या बोर्डावरचा मेन ब्रेकर खाली पाडला आणि शेडमध्ये येऊन दुसरं टोक सोलायला घेतलं. उघडं तांबं डाव्या चिमटीत. तेवढ्यात पुढचं दार वाजलं. तिच्या चपला. मग स्वयंपाकघरात मिक्सरचं बटण, खट. मिक्सर गप्प. "आता हिला काय झालं, मघाशी तर लाईट होती," ती स्वतःशीच बोलते आहे. बांगड्या वाजतात, चपला स्वयंपाकघरातून निघतात आणि ओसरीकडे वळतात. ओरडायला तोंड उघडतो, तोवर चपला बोर्डापाशी थांबतात. तार टाकून मागे सरलो न सरलो, तोच मिक्सर रिकाम्या स्वयंपाकघरात घरघरायला लागला.

तसाच खाली बसलो. समोर तार पडलेली, जिवंत. आणि डोळ्यांपुढे, तुमच्या हाताखाली शिकत होतो तेव्हाची, पाथर्डीकडची ती पिठाची गिरणी आली. बाहेर दळणाचे डबे घेऊन बाया खोळंबलेल्या, लाईनचा फ्यूज काढून घेऊन तुमचे दोन्ही हात मोटरच्या पेटीत. मालक घाईला आलेला, "वस्ताद, फ्यूज द्या, तेवढा दिवा तरी लावू." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "फ्यूज खिशात हाय, अन् खिसा माझ्या अंगावर हाय."

"बोर्डावर ठिवला तर काय झिजन का?"

"मंजी माजा जीव बोर्डावर ठिवू व्हय?"

बाया हसल्या. तुम्ही भाकरीसुद्धा तो फ्यूज खिशात ठेवूनच खाल्लीत, आणि मला दरडावलंत, "हसतो काय रं? ध्यानात ठिव." ठेवलं होतं वस्ताद. पण ब्रेकर काही खिशात घालता येत नाही. कुलूप लावता येतं, निदान चिठ्ठी तरी चिकटवता येते. घरात आपलीच बाई, म्हणून काहीच केलं नाही.

मी मेन पुन्हा पाडून आलो. थोड्या वेळानं ती चहा घेऊन शेडच्या दारात आली. "मेन पडला होता, मी चढवला. पुन्हा पडला वाटतं?" मग माझ्या तोंडाकडे बघून थबकली. "अहो, तुमचं काम चालू होतं? हात कुठं होता तुमचा?"

मी म्हणालो, "हात कुठला, तंबाखू मळत बसलो होतो."

"सोडली म्हणाला होतात ना! देवासमोर शपथ घेऊन! लाज वाटत नाही?" चांगलं झापलं मला. मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. इतकं गोड बोलणं आयुष्यात ऐकलं नव्हतं. खरं सांगितलं असतं, तर तिनं पुन्हा कधी बटणाला हात लावला नसता आणि मनाला लावून घेतलं असतं ते वेगळंच.

उद्या वायरिंगला माणूस येतोय. कंबर धरली म्हणून सांगितलंय. हे पत्र घरात ठेवण्यात अर्थ नाही, ती माझा कागद न् कागद वाचते. लिहून झालं की काडी लावीन. तंबाखू मात्र मी खरंच सोडली आहे, वस्ताद. एवढं एक तुम्ही तरी खरं माना.