हेप्सीचं घर उतरवलं तेव्हा

सॉकेट बंदर, मॅसॅच्युसेट्स
१९ ऑगस्ट १७६५

ती. एनॉसदादास,
हेप्सीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

ह्यांनी मुद्रांकाची नोकरी घेतली तेव्हा तू 'गव्हर्नरसाहेब' म्हणून चिडवलं होतंस. आता सगळं गाव चिडवतंय, हातात दगड घेऊन. लग्नाच्या कागदापासून मृत्युपत्रापर्यंत प्रत्येक कागदामागे लंडनला कर, आणि तो वसूल करणार आमचे हे! शनिवारी ह्यांचा पेंढ्याचा पुतळा झाडाला टांगला, मुंडकं उडवून आमच्या फाटकात जाळला. खिडकीतून आलेल्या दगडानं मोलकरणीचा डोळा गेला. हे म्हणतात, राजाला शब्द दिलाय, राजीनामा देणार नाही. दादा, मला माझ्या मुलीचे वडील जिवंत हवेत. राजाचं राजा बघून घेईल. तू काहीतरी कर.

धाकटीवर माया आहे ना, मग उशीर लावू नकोस.
तुझी हेप्सी

२४ ऑगस्ट

चि. सौ. हेप्सीस अनेक आशीर्वाद.

कर मलाही नको, हे तुला ठाऊक आहे. आमच्या गोदीतली माणसं गुरुवारी तुमचं घर जाळायला निघालीत. मी म्हटलं, आगीत अख्खी गल्ली जाईल. घर मी उभारलंय, मीच उतरवतो. पटलं त्यांना. सांधे लाकडी खुंट्यांचे आहेत, त्या ठोकून काढल्या की घराचा सांगाडा सुटतो. राग घरावर निघेल, माणसावर नाही. तू सकाळीच मुलीला आणि जोटमरावांना घेऊन रूथआत्याकडे जा. मी त्या लोकांत असेन हे मात्र त्यांना सांगू नकोस. तापट माणूस, बंदूक घेऊन दारात बसेल.

घाबरू नकोस, मी आहे.
एनॉस

३० ऑगस्ट

चि. सौ. हेप्सीस आशीर्वाद.

झालं एकदाचं! दोनतीनशे माणूस, निम्मं रम ढोसून आलेलं. तुमचा घोडा कुऱ्हाडीनं तोडला, गाडीवानाचे दात पाडले, आमच्याच एकाची बोटं गेली. खुंट्यांना हात लावण्याआधी मी खोल्याखोल्यांतून, तळघराच्या तोंडाशीसुद्धा ओरडत फिरलो, की कुठे लपलाय तो मुद्रांकचोर, सापडला तर डांबरात बुडवतो! लोकांसमोर तसंच बोलावं लागतं. आत चिटपाखरू नव्हतं. मग दोर लावून सांगाडा ओढला, पाठोपाठ विटांचं धुराडं तळघरात कोसळलं. लोक खूश होऊन गुत्त्यावर गेले. वसंतात याहून मोठं घर बांधून देतो. जोटमराव रागावले असतील, तर जेवायला बोलवून रागवा म्हणावं.

मुलीला पापा.
एनॉस

३१ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र आत्ता मिळालं. हे माझ्यासोबत नव्हते. संध्याकाळी मागून येतो म्हणाले. तू त्या लोकांत असशील, हे तुझं ऐकून मी ह्यांना सांगितलं नाही. लोक दुपारीच आले, तेव्हा हे तळघरात सफरचंदांच्या पिपांमागे शिरले.

काल शेजाऱ्यांना विटांखालून कण्हणं ऐकू आलं. उपसून काढलं तर कमरेखाली नुसता चेंदा. रात्रीपर्यंत शुद्ध होती. म्हणाले, एनॉसचा आवाज आला तेव्हा जीव भांड्यात पडला, हाक मारणारच होतो. मग तो काय ओरडतोय ते ऐकलं, आणि तोंडात बाही कोंबली.

ते तुझं नाटक होतं, हे मी त्यांच्या कानाशी पुन्हा पुन्हा सांगितलं. तोवर ते गेले होते की काय, मला कळलं नाही.

गावातला एकही सुतार शवपेटी करायला धजत नाही. उद्या हत्यारं घेऊन तूच ये. एकटा ये.

हेप्सी