साठ बाहुल्या

३ नोव्हेंबर, सोमवार
ठरलं! या सुट्ट्यांच्या सीझनला साठ बाहुल्या. भेटवस्तूंच्या दुकानवाल्या बाईंची ऑर्डर. वीस डिसेंबरच्या आत पोचवायच्या. बायको शिवणार, बाकी सगळं मी. बाकी म्हणजे प्लॅनिंग, ब्रँडिंग, क्वालिटी कंट्रोल. ही म्हणाली, आधी कापूस आणा. बायका बारीकसारीक गोष्टींतच अडकतात.

५ नोव्हेंबर
व्हिजिटिंग कार्डं छापून आली. 'संस्थापक व संचालक', खाली माझं नाव. हिचंही टाकणार होतो, जागा उरली नाही. कापूस राहिला. उद्या नक्की.

९ नोव्हेंबर, रविवार
कापूस आणला. स्वस्तातला. नुसत्या गाठी निघाल्या. ही दिवसभर बसून मोकळा करत होती. उद्यापासून पहाटे पाचला उठून मदतीला बसायचं. म्हणजे बसायचंच.

१० नोव्हेंबर, सकाळी ९.४०
आत्ता उठलो. मोबाइलच्या गजरात काहीतरी बिघाड आहे.
सुया ओवायचं काम माझ्या अंगावर घेतलं. दहा सुया ओवून दिल्या. आता उत्पादनातही थेट सहभाग.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
अठ्ठावीस झाल्या. रोज तीन! माझ्या प्लॅनिंगमध्ये दोनच होत्या.
संध्याकाळी ही म्हणाली, डाव्या डोळ्यात कडेला वीज चमकल्यासारखं होतंय, काळे ठिपके तरंगतायत, डॉक्टरांना दाखवून येऊ का? म्हटलं, कापसाचे तंतू गेले असतील, पाणी मार. सीझन संपला की खुशाल दाखव. डॉक्टर काय पळून जातोय? पटलं तिला. गप्प बसली म्हणजे पटलंच.

१९ नोव्हेंबर
मुलीचा फोन. आईनं तिच्या कानावर घातलेलं दिसतंय. बाबा, आजच्या आज दाखवा, म्हणाली. परगावी बसून हुकूम सोडायला काय जातं! म्हटलं, सगळं अंडर कंट्रोल. तरी डोळ्यात घालायचे थेंब आणले. मी काही दगड नाही.

२४ नोव्हेंबर
आज क्वालिटी कंट्रोल. बाहुल्यांचे डोळे ही दोऱ्यानं भरते. चाळीस बाहुल्या चोख. एकेचाळिसावीपासून डावा डोळा गालावर घसरलेला. चिडलो. उसवायला लावले. ही म्हणाली, मला तर सरळच वाटले होते. पुन्हा भरले, पुन्हा तेच.
चहा पिताना एकदम सुचलं. अहो, हीच तर हातकामाची खूण! मशीनला जमेल का हे? लेबल लावायचं: 'प्रत्येक बाहुलीची नजर वेगळी.' याला म्हणतात डोकं.

२७ नोव्हेंबर
ही दाराच्या चौकटीवर आपटली. कपाळाला टेंगूळ. म्हणते, डाव्या डोळ्यावर काळा पडदा चढत चाललाय. थकवा, दुसरं काय? सुट्टी देऊन टाकली. संध्याकाळपर्यंत. स्वयंपाक मी केला. म्हणजे काकडी चिरली.

३ डिसेंबर
सत्तावन्न! ही आता मान तिरकी करून, एकाच डोळ्यानं शिवते. जिद्द म्हणजे जिद्द. माझ्याकडूनच घेतली असणार.

५ डिसेंबर
साठ! पंधरा दिवस आधी. बोललो होतो ना? मीच दुकानात पोचवल्या. बाईंनी काउंटरवर दोन ढीग केले. चाळीस ठेवल्या, वीस परत. म्हणे मुलं घाबरतील. लेबल वाचलंसुद्धा नाही. वर विचारतात, शिवणाऱ्या ताईंचे डोळे तपासलेत का? यांना काय करायच्यात नसत्या चौकशा.
हिला काही बोललो नाही. वीस बाहुल्या पलंगाखाली सरकवल्या.

६ डिसेंबर
सीझन संपला, शब्द पाळला. हिला डॉक्टरांकडे नेलं.
डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. ठिपके दिसले तेव्हाच आणलं असतं तर डोळा बहुधा वाचला असता, म्हणाल्या. परवा ऑपरेशन, पण नजरेची खात्री नाही. मग विचारलं, हे कधीपासून? मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचू लागलो. हीच म्हणाली, झाले चारपाच दिवस, माझंच दुर्लक्ष झालं.
येताना जिना उतरताना तिनं माझा हात धरला. पायऱ्यांचा अंदाज येत नव्हता.

७ डिसेंबर
वही चाळली. १८ नोव्हेंबर, मंगळवार. अक्षर माझंच. वार चुकलेला नाही, तारीख चुकलेली नाही. पुढे लिहिलंय, पटलंच.
लाज वाटते. उद्या डॉक्टरीणबाईंना खरी तारीख सांगायची. वहीच पुढे ठेवायची. तिच्या माथी नको. म्हणजे नकोच.

८ डिसेंबर
ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी. डॉक्टरीणबाई काही आशा दाखवत नाहीत. पेशंटनी अंगावर काढलं की असंच होतं, म्हणाल्या. मी मान डोलावली. वही पिशवीत होती. काढली नाही.
हिनं विचारलं, बाईंनी सगळ्या घेतल्या ना हो? म्हटलं, साठच्या साठ. खूश होत्या. म्हणाली, मग झालं तर. आणि हसली.
परवा घरी सोडणार. त्याच्या आत पलंगाखालच्या कुठेतरी हलवायला हव्यात.