सूचना क्रमांक तीन

४ सप्टेंबर

चिठ्ठी बाबांच्याच दुकानाची निघाली. चाळीस चिठ्ठ्या होत्या त्या डब्यात — चाळीस!

मायनरच्या, म्हणजे जोडविषयाच्या, सरांनी प्रत्येक जोडीला कॉलेजच्या आसपासचं एकेक छोटं दुकान दिलंय. आधी एकदा ओळख न देता गिऱ्हाईक म्हणून जायचं, सगळं टिपून घ्यायचं. मग दुसऱ्यांदा उघडपणे जाऊन मालकाला सूचना द्यायच्या. आमची चिठ्ठी माझ्या जोडीदारणीनं काढली. तिला मी मनात टापटीप म्हणते. रसायनशास्त्राची आहे, वहीला हात लावायलाही भीती वाटते इतकी नीट. तिनं मोठ्यानं वाचलं, "बॅगदुरुस्ती, पोस्टाच्या मागे." आणि मला विचारलं, "तुला माहितीये कुठंय?"

"साधारण," मी म्हटलं.

साधारण! शाळा सुटल्यावर रोज त्या काउंटरमागे बसून अभ्यास केलाय मी.

५ सप्टेंबर

इथे तरी खरं लिहू.

सुरुवात फॉर्मपासून झाली. माझा मुख्य विषय तत्त्वज्ञान. तत्त्वज्ञान म्हटलं की लोक विचारतात, "पुढे काय?" जोडीला व्यवसायाचं मायनर घेतलंय म्हटलं की गप्प बसतात. म्हणून घेतलं. बाबा किती खूश झाले होते! "म्हणजे आमचंच शिकणार की तू," म्हणाले. फॉर्मवर रकाना होता — पालकांचा व्यवसाय. मी लिहिलं, 'प्रवासी साहित्य उद्योग'. पहिल्या तासाला ओळख करून देतानाही तेच सांगितलं. संगीतवाल्या एकानं विचारलं, "फॅक्टरी आहे का?" मी नुसती हसले. आता अर्धा वर्ग मला 'फॅक्टरी' म्हणूनच हाक मारतो.

सकाळी नीतिशास्त्राचा तास, दुपारी हे. दोन्ही वह्या एकाच बॅगेत.

८ सप्टेंबर

पोट दुखतंय म्हणून कळवलं. टापटीप एकटीच जाऊन आली.

९ सप्टेंबर

आज तिनं वर्गात वाचून दाखवलं. "मी पर्स काउंटरवर ठेवली. मालक म्हणाले, सगळे खिसे रिकामे करा, आणि झालं की 'झालं' म्हणा. आणि ते चक्क पाठ फिरवून उभे राहिले. भिंतीकडे तोंड करून."

वर्ग हसला. सर म्हणाले, "गिऱ्हाईकाकडे पाठ! हे तर पुस्तकात छापायला हवं." मागच्या बाकावरचा एक उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आणखी हसले.

मीही हसले. चांगली मोठ्यानं.

आणि मला माहीत आहे ना ते पाठ का फिरवतात! आठ वर्षांची होते. एक बाई पर्स रिकामी करत होत्या आणि मी काउंटरवरून डोकावले. आयुष्यात बाबांनी माझा कान एकदाच धरला, तो तेव्हा. "बॅगेत माणसाचं काय काय असतं. औषधं असतात, पत्रं असतात. ते त्याचं त्यानं काढावं. आपण बघू नये." हे एवढं एक वाक्य वर्गात बोलले असते तर सगळे गप्प झाले असते. पण मग विचारलं असतं, तुला कसं माहीत?

जनाची नाही तर मनाची तरी लाज ठेवावी म्हणतात. माझं उलटंच. जनाची इतकी ठेवली की मनाची शिल्लकच नाही.

१२ सप्टेंबर

सूचनांचा कागद मी टाइप केला. पाच सूचना. पाटी नवी करावी, उजेड वाढवावा, असल्या. तिसरी — 'ग्राहकाकडे पाठ करून उभे राहू नये.'

टापटीप म्हणाली, "ही ठेवायची का? खरं सांगू, मला त्यांचं ते वागणं आवडलं होतं. पर्समध्ये काय काय होतं माझ्या."

"सर मार्क कापतील," मी म्हटलं. ठेवली.

१५ सप्टेंबर

सकाळी चहा पिताना सांगायचं ठरवलं होतं. दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा चहाच आत गेला.

आम्ही दुकानात शिरलो तेव्हा बाबा एका सुटकेसचं चाक बसवत होते. वर बघितलं आणि चेहरा उजळला. माझं लाडाचं नाव ओठांवर आलं होतं त्यांच्या, मी बघितलं. तेवढ्यात टापटीप म्हणाली, "काका, आम्ही कॉलेजच्या. ही माझी जोडीदार."

मी खाली फरशीकडे बघत होते. बाबांनी हातातलं चाक खाली ठेवलं. मग म्हणाले, "या ताई, बसा." आणि माझ्याकडे वळून, "तुम्हीही बसा."

मला. तुम्ही!

दुरुस्तीला बॅग कशी घेतात ते बघायला टापटीपनं माझीच बॅग पुढे केली. तिची चेन महिन्याभरापासून तुटलीये. "दुकानात टाक की, दहा मिनिटांचं काम," बाबा महिनाभर म्हणतायत. आज त्यांनी ती हातात घेतली, पहिल्यांदाच बघितल्यासारखी उलटसुलट केली. "खिसे रिकामे करा, ताई," म्हणाले आणि पाठ फिरवली.

टापटीप बाहेर पाटीचा फोटो काढत होती. आत आम्ही दोघंच. नुसतं 'बाबा' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी दोन वह्या काढल्या, कंगवा काढला, घराची किल्ली काढली. तसलीच किल्ली त्यांच्या डोक्याशी खिळ्याला लटकत होती.

"झालं," मी म्हटलं.

ते वळले. हँडलला बांधायची चिठ्ठी घेतली. "नाव काय लिहू?"

"काहीही लिहा."

त्यांनी लिहिलं. काय ते मी बघितलं नाही. टापटीप आत आली तेव्हा त्यांनी सूचनांचा कागद उभ्यानंच शेवटपर्यंत वाचला. म्हणाले, "एवढं लक्ष देऊन कोण बघतं हो हल्ली."

१६ सप्टेंबर

घरी एक शब्द नाही. "मैत्रीण हुशार आहे तुझी," एवढंच, तेही आई आत गेल्यावर. आईला काही सांगितलेलं नाही त्यांनी. माझं खोटं आता तेही सांभाळतायत.

१८ सप्टेंबर

बॅग आणायला मी गेले नाही. टापटीप जाऊन घेऊन आली. सादरीकरणात मांडायची म्हणून तिच्याकडेच राहू दे म्हटलं.

२२ सप्टेंबर

जेवताना आई तणतणत होती. आठवडा झाला, बाबा दुकानात गिऱ्हाईकाकडे तोंड करून उभे राहतात. "कॉलेजच्या मुलांनी सांगितलंय म्हणे! त्या मुलांना काय कळतंय डोंबल." आज आई डबा घेऊन गेली तेव्हा जुन्या नर्सबाई आल्या होत्या. वर्षानुवर्षं येतात. त्यांनी पर्स अर्धी रिकामी केली, बाबांकडे बघितलं, सगळं परत आत कोंबलं. "राहू दे, नंतर येते," म्हणून निघून गेल्या.

"होईल लोकांना सवय," बाबा म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ताट तसंच ठेवून उठले.

२९ सप्टेंबर

आज सगळ्या दुकानदारांना वर्गात बोलावलं होतं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसले. इस्त्री आईनं केली असणार. का ते तिला माहीत नव्हतं.

सरांनी विचारलं, "काका, तुम्ही पाठ का फिरवायचात?"

"लोकांना बरं पडायचं," बाबा म्हणाले. "आता नाही फिरवत."

"छान! आणि आमच्या मुलींबद्दल काय सांगाल?"

बाबा उभे राहिले. "दोघीही गुणी आहेत. यांना आईवडिलांनी चांगलं वाढवलंय."

टाळ्या वाजल्या. मी टेबलावरच्या माझ्या बॅगेकडे बघत उभी राहिले. तेव्हाही बोलले नाही. आता इथे लिहितानाही स्वतःच्या हाताची किळस येतेय.

३० सप्टेंबर

टापटीपनं बॅग परत दिली. नवी चेन, छान सरकते. मग तिच्या वहीच्या पानांतून हँडलची चिठ्ठी काढून दिली. "काल बॅग सगळ्यांसमोर मांडायची होती, म्हणून चिठ्ठी सोडून ठेवली होती."

बाबांचं अक्षर. काम — चेन बदलणे. नाव — घरची.

आईची पिशवी असो, माझं शाळेचं दप्तर असो, नावाच्या जागी ते कायम हेच लिहीत आलेत.

"कधी वाचलीस?"

"आणली त्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू 'झालं' म्हणायची वाट बघत होते."