डाव्या खांद्यावरचा वळ

प्रिय राणीसरकार,

माझं सगळं बदललं तो क्षण मला नेमका सांगता येतो. धडक बसली तो नव्हे, त्याच्या जरासा आधीचा. समोर सायकल आली, तुझा भाऊ, आपला लंबू, स्टिअरिंग धरून नुसता थिजला, आणि माझा उजवा पाय आपोआप खाली गेला. होता नव्हता तेवढा जोर लावून मी दाबला. पायाखाली ब्रेक नव्हता. रबराची मॅट होती. मामाच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाशी दुसरा ब्रेक बसवलेला असतो, तुला मी काय सांगू, तुझ्या किती चुका त्या ब्रेकवर झेलल्यात मी. वर्षभर त्या बाजूला बसून माझ्या पायाला सवय लागली, की चालवणारा काहीही करो, शेवटचा शब्द आपला. तुझ्या बाबांच्या गाडीत तो ब्रेक नाही हे डोक्याला ठाऊक होतं. पायाला नव्हतं. आणि खरं सांगू, लंबूलाही नव्हतं. आजवर प्रत्येक वेळी गाडी मीच थांबवत आलो होतो, म्हणून त्यानेही वाट पाहिली. आम्ही दोघंही एकमेकांच्या भरवशावर त्या माणसाच्या अंगावर गेलो.

तेव्हापासून मी घाबरलेलो आहे. हसू नकोस. प्राध्यापकांनी फेकून मारलेलं डस्टर त्यांनाच परत फेकून मारणारा, आणि तेवढ्यावरून भर वर्षात कॉलेजला रामराम ठोकणारा तुझा भडक्या आता बाहेर मोटरसायकल थांबली तरी दाराकडे बघतो. मामी कुकरची शिट्टी व्हायच्या आधी मला सांगते, बाबा रे, आता शिट्टी होईल, दचकू नकोस. जेवण जात नाही. झोप लागली तरी पाय झोपत नाही, अंथरुणात तो खाली दाबत राहतो. तू इथे असतीस तर म्हणाली असतीस, मास्तर, गिअर न्यूट्रलला टाका. पण तू इथे नाहीस. तुझा फोन बंद आहे, आणि तुला आत्याकडे पाठवलंय हे मला तुमच्या माळीदादांकडून कळलं.

त्या संध्याकाळी तू अंगणात खुर्च्या मांडत होतीस. लंबू बारावी पास झाला म्हणून तुमच्याकडे पंधरावीस माणसं जमली होती आणि मी उगाचच खुर्च्या उचलायला तुझ्या मागेमागे होतो. तुझ्या बाबांनी लंबूला जवळ बोलावून स्वतःच्या हाताने ग्लास भरून दिला. चोरून पिण्यापेक्षा आमच्यासमोर घेतलेली बरी, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसलो. मलाही दिला. कायद्याने पिण्याचं माझंसुद्धा वय व्हायचंय, पण तुझ्या बाबांनी भर माणसांत खांद्यावर हात ठेवून मास्तर म्हटलं, की त्यांनी विष दिलं असतं तरी मी घेतलं असतं. लंबूचा दुसरा ग्लास झाला तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. ते पाहणं मला कळलं होतं. मी नजर वळवली. मग बर्फ संपला. तुझ्या बाबांनी खिशातून किल्ली काढली आणि लंबूकडे उडवली. जा, चौकातून बर्फ घेऊन ये, मास्तर आहेत की बरोबर. सतरा वर्षांचा पोरगा, लायसन नाही, पण दारातून वाकून यावं लागतं एवढी उंची. त्याला मोकळ्या मैदानात गुपचूप शिकवायचं कबूल मीच केलं होतं. का केलं होतं ते तुला माहीत आहे. दर रविवारी तुमच्या फाटकाशी गाडी उभी करायला मिळायची.

इस्त्रीवाला सायकलच्या दांडीला हँगर लावून कपडे पोचवायला निघाला होता. धडकेचा आवाज फार मोठा नव्हता. नंतर जे दिसलं ते मोठं होतं. रस्ताभर पांढरे शर्ट पडले होते, काही बाह्या पसरून, आणि त्यांच्यामध्ये एक शर्ट होता ज्यात माणूस होता. मी अँब्युलन्सला फोन केला, मग तुला. लंबू स्टिअरिंग सोडेना. त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. त्याला ओढून माझ्या सीटवर बसवलं आणि मी त्याच्या जागी बसलो. बसल्याबसल्या काय केलं असेल मी? सीट पुढे घेतली, आरसा नीट केला, पट्टा लावला. जे नव्या पोरांकडून रोज घोकून घेतो ते. माणूस रस्त्यावर पडलाय आणि मी आरसा नीट करतोय! तोवर तू आणि बाबा धावत आलात. तू खिडकीतून हात घालून माझं मनगट धरलंस आणि फक्त प्लीज म्हणालीस. तुला ते आठवतही नसेल. पोलीस आले, कोण चालवत होतं विचारलं, तर माझ्या आधी माझं तोंड बोललं. मी.

त्या वेळी भीती वाटली नाही. खरं तर छाती फुगली होती. वाटलं, आता तरी राणीसरकारांना कळेल. मशीनमध्ये फुंक मारली, आकडा आला. हवालदाराने वय विचारलं आणि मान हलवली. या वयात थोडी घेतली काय न् जास्त घेतली काय, सारखंच, म्हणाला. बाबांनी दुसऱ्या दिवशी वकील आणला आणि मला समोर बसवून समजावलं, की काही होत नाही, दंड होईल, चार शब्द ऐकून घ्यायचे. वकील मात्र बोटांवर मोजत एकेक सांगत गेला. लायसन गेलं. शिकवण्याचा परवाना मिळायची आशा सोड. खटला उभा राहणार, आणि माणूस गेला तर कैद. मी त्या टेबलावरच्या काचेखालचा कॅलेंडरचा कागद बघत होतो. बघताबघता सहज विचारलं, आणि समजा एखादा सतरा वर्षांचा चालवत असता तर? वकील ओघात सांगून गेला. त्याला तुरुंग नाही. बाल न्याय मंडळासमोर जाईल, समुपदेशन होईल, बरीच वर्षं लायसन मिळणार नाही. पण ज्याने पाजली आणि किल्ली दिली त्याला मात्र सोडणार नाहीत. मग वकिलाने एकदम फाइल मिटली. बाबांनी पाणी मागवलं. पाणी मी प्यायलो.

तेव्हा कळलं, मी कुणाला वाचवलंय ते. घरी येईपर्यंत माझ्या डोक्याचा नुसता भडका उडाला होता, तुमच्या फाटकावर दगड मारावा असं वाटलं. मग संताप उतरला आणि खाली भीतीच उरली. कारण अपघाताच्या रात्री दवाखान्यात माझं रक्त घेताना डॉक्टरीणबाईंनी शर्ट काढायला लावला होता. गाडी अचानक अडली की पट्टा अंगात रुततो. चालवणाऱ्याच्या उजव्या खांद्यावर वळ उठतो, शेजारच्याच्या डाव्या. माझा वळ डाव्या खांद्यावर होता, बरगडीपर्यंत, काळानिळा. बाईंनी वळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चालवत तूच होतास ना म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. त्या लिहीत राहिल्या. काय लिहिलं कोण जाणे. वकिलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, पूर्ण बाह्यांचे शर्ट घाल, कुणापुढे उघडा होऊ नकोस, आपण तारीख पुढे घेऊ, तोवर जाईल तो. आणि तो जातोच आहे गं. रोज आंघोळीला आरशात बघतो. निळ्याचा हिरवट झाला, आता कडेने पिवळा पडलाय. आधी वाटायचं लवकर जाऊ दे. आता तो जाईल याचीच धास्ती बसलीय. तो गेला की स्टिअरिंगवर मी नव्हतो हे सांगणारं माझ्या अंगावरही काही उरणार नाही. मग मी जन्मभर तो माणूस, ज्याने इस्त्रीवाल्याला उडवलं.

त्याला बघायला दवाखान्यात गेलो होतो. तुला खोटं कशाला सांगू, जाताना मनात दोन्ही होतं. तो शुद्धीवर यावा म्हणून हात जोडत होतो, आणि त्याने डोळे उघडून बोलू नये म्हणूनही. धडकेच्या आधी त्याने काचेतून लंबूकडेच पाहिलं होतं. तो शुद्धीवर आला होता. कंबरेचं हाड मोडलंय, त्या संध्याकाळचं काहीच आठवत नाही म्हणाला. मला इतकं हलकं वाटलं की मलाच माझी शिसारी आली. त्याची बायको पलंगाशी बसली होती. रस्त्यावरचे सगळे शर्ट तिने गोळा करून पुन्हा धुतले होते, इस्त्री केली होती, आणि ते कुणाचे हे नवऱ्याला विचारून विचारून गठ्ठे लावत होती. तुम्ही कोण, असं तिने विचारलं. ओळखीचा, असं म्हणालो. तिने मला तिचा स्टूल दिला. मला त्यावर बसवेना.

तरीही मी गप्प बसलो असतो. हे तुला कळलं पाहिजे. वकिलाचं ऐकून, पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून, तुझ्या त्या एका शब्दाखातर मी गप्प बसलो असतो आणि त्याला प्रेम म्हणत राहिलो असतो. पण काल दुपारी मी मामाच्या ऑफिसबाहेर गाडी पुसत होतो आणि सिग्नलला तुमची दुसरी गाडी येऊन थांबली. चालवायला लंबू, शेजारी बाबा. बाबांनी काच खाली केली आणि हसून म्हणाले, मास्तर, बघताय ना, पोराची भीती मोडायला हवी, नाहीतर कायमचा बिचकेल. मी लंबूकडे पाहिलं. त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. डोळे तांबारलेले. खिडकीतून वास आला, भरदुपारी. बाबांना तो आला नसेल असं मी म्हणणार नाही. सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न मारला, लंबूने क्लच एवढ्या झटक्यात सोडला की गाडी उडी मारून बंद पडली. रस्ता ओलांडणारी एक बाई शाळेच्या पोराला घेऊन मागे सरली. गाडी परत चालू झाली, गेली. मी हातातलं फडकं एकाच जागी घासत राहिलो. मामा आतून ओरडला, अरे, पुसून पुसून रंग काढतोस का तिचा?

अशी भीती मला आधी कधी वाटली नव्हती. स्वतःची वाटायची ती सवयीची झालीय. ही त्या पोराची आहे. त्याला कुणी विचारलंच नाही की तुला काय झालं होतं. त्याने एक माणूस पाडला आणि त्याचं काहीच झालं नाही, म्हणून ते त्याच्या आत तसंच पडून आहे, आणि तो त्यावर पीत बसलाय. मंडळासमोर उभं केलं असतं, कुणी दरडावलं असतं, लायसन नाकारलं असतं, तर निदान स्टिअरिंगवरून त्याचे हात कुणीतरी सोडवले असते. मी ते सोडवले आणि वाटलं आपण वाचवला. पुढच्या वेळी रस्त्यावर तो स्वतः असेल, नाहीतर ते शाळेचं पोर.

मामाला रात्रीच सगळं सांगितलं. वाटलं, कानाखाली वाजवेल. तो म्हणाला, माझी शाळा बंद पडली तर पडली, तू पुढे हो, मी ऑफिस उघडून मागोमाग येतो. मामी रडली आणि रडतारडता माझ्यासाठी शर्ट काढला. अर्ध्या बाह्यांचा.

राणीसरकार, मी आता चौकीवर चाललोय. खरं सांगणार आहे, लंबूचं, किल्लीचं, ग्लासाचं, आणि खोटं बोललो ते माझंही. त्याची वेगळी शिक्षा असते, वकिलाला न विचारता मी वाचलंय. तुझे बाबा यात अडकतील, कदाचित आत जातील, आणि ते माझ्यामुळे, म्हणून यापुढे तू माझं तोंड बघणार नाहीस हे मी धरून चाललोय. पण हे पत्र माफीसाठी नाही. मामी कामाला जाते तो कारखाना तुझ्या आत्याच्या गल्लीत आहे, शिफ्टला जाताना ती हे तुझ्या हातात देईल. मी चौकीवर मुद्दाम पायी जाणार आहे, लांबच्या रस्त्याने. तेवढ्या वेळात तू रिक्षा करून घरी जा. लंबूला उठव, तोंड धुवायला लाव, आणि बाबांना न विचारता त्याचा हात धरून तूच त्याला चौकीवर घेऊन ये. पोलीस दारात येऊन त्याला नेण्याआधी तो आपल्या पायांनी आला पाहिजे. त्याच्यासाठी हे तूच करू शकतेस, आणि म्हणून तुला लिहिलं. मी तिथे बाकावर असेन. माझ्याकडे बघू नकोस, त्याच्याकडे बघ.

चपला सापडत नव्हत्या, मामीने आणून दिल्या. पाकीट तिच्या पिशवीत टाकतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

अजूनही तुझाच,
भडक्या